जुन्या प्लॅनवरून नवं विमान: मित्रांसोबत ‘ज्युनियर ६०’ बांधायचं आणि उडवायचं कसं

रेडिओवर चालणारं विमान उडवायला शिकायचं म्हटलं की दुकानातून तयार फोमचं विमान आणा, असाच सल्ला मिळतो. माझा सल्ला वेगळा आहे. तीन-चार मित्र गोळा करा, १९४६ सालचा एक प्लॅन छापून आणा आणि त्या एकाच प्लॅनवरून प्रत्येकाने आपापलं विमान बांधा. वेळ जास्त लागेल. पण ही जुनी विमानं आपली आपण उडायला जाणतात. सरळ आणि हलकं बांधलं की अर्धं उडवणं टेबलावरच झालेलं असतं. या लेखातली प्रत्येक पायरी त्या दोन शब्दांसाठी आहे: सरळ आणि हलकं.

ही विमानं स्वतःला सावरतात ती का

१९३० आणि ४० च्या दशकांतली बहुतेक मॉडेल विमानं ‘फ्री फ्लाइट’ असत. इंजिन सुरू करायचं, विमान हातातून सोडायचं आणि मागे धावायचं. झोत येऊन एक पंख खाली गेला तर तो विमानानेच वर आणायचा. म्हणून पंखांना भरपूर डायहेड्रल, म्हणजे दोन्ही टोकं वर उचललेली, शेपूट मोठी आणि वजनाच्या मानाने पंखाचं क्षेत्रफळ मोठं.

रेडिओ आल्यावरही हे बदललं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेतला रेडिओ कंट्रोलचा विभाग १९३७ मध्ये चेट लँझोने जिंकला आणि पुढच्या काही वर्षांत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांच्या ‘गफ’ने. ते ‘गफ’ आता स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. त्या काळात आणि नंतरही बरीच वर्षं रडर, म्हणजे दिशा वळवणारी शेपटीची उभी पट्टी, हलवायला पिळलेल्या रबरावर चालणारं एस्केपमेंट नावाचं यंत्र असे. बटण दाबलं की रडर एका बाजूला पूर्ण वळायचं, सोडलं की मध्ये यायचं, पुन्हा दाबलं की दुसऱ्या बाजूला. थोडंसं वळवणं हा प्रकारच नव्हता. उडायचं काम विमानाचं, रेडिओने फक्त दिशा सुचवायची. अशाच साधनांच्या जमान्यात, १९५४ मध्ये, ब्रिटनचं ‘रेडिओ क्वीन’ रेडिओच्या ताब्यात इंग्लिश खाडी ओलांडून गेलं.

ज्युनियर ६० हे याच जातीचं. ब्रिटनच्या कीलक्राफ्ट कंपनीसाठी अल्बर्ट हॅटफुल यांनी १९४६ मध्ये काढलेलं, ६० इंच, म्हणजे साधारण १५२ सेंटिमीटर पंखविस्ताराचं, केबिन असलेलं विमान. मुळात फ्री फ्लाइट, पण पुढे रेडिओ बसवून ब्रिटनमध्ये कित्येक जण याच्यावर शिकले. रडर आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी पट्टी) जोडलेल्या आवृत्तीचे प्लॅनही मिळतात. पहिल्या विमानासाठी याच्याहून चांगली निवड मला सुचत नाही.

एकच प्लॅन, चार विमानं

प्रत्येकाला वेगळं विमान हवंसं वाटेल, पण पहिल्या खेपेला तो मोह टाळा. एकच विमान असलं की रिब, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या, एकत्र कापता येतात, बाल्साची, म्हणजे या विमानांच्या हलक्या लाकडाची, मागणी एकदम नोंदवता येते, आणि एकाचं विमान नीट उडतंय नि दुसऱ्याचं नाही असं झालं तर दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधता येतो. मैदानावर एकाची शेपूट तुटली तर दुसऱ्याची बसते.

कामं स्वभावाप्रमाणे वाटून घ्या. ब्लेडवर हात स्थिर असलेल्याने कापायचं. सोल्डरिंग येणाऱ्याने सगळ्यांच्या मोटरी आणि वायरिंग करायचं. चौथा नवा असेल तर त्याच्याकडे वजनाचा काटा आणि वही द्या. प्रत्येक भाग चिकटवण्याआधी आणि नंतर तोलून लिहून ठेवायचा. हे काम हलकं समजू नका, शेवटी सगळे त्याच वहीकडे वळतात.

प्लॅन आउटरझोनसारख्या संकेतस्थळावर मोफत मिळतो. आर्किटेक्ट लोक जिथे प्लॉटर प्रिंट काढतात तिथे तो छापा आणि दुकानदाराला ‘फिट टू पेज’ बंद करायला आवर्जून सांगा. प्रिंट हातात आली की प्लॅनवर लिहिलेलं एखादं लांब माप तिथल्या तिथे स्टीलच्या पट्टीने मोजा. दोन-तीन टक्के आखडलेल्या प्रिंटवर रिबच्या खाचा आणि स्पारची (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य पट्टीची) जाडी जुळत नाही, आणि ते लक्षात येईपर्यंत लाकूड कापून झालेलं असतं. दोन प्रती काढा, एक बांधायला आणि एक भाग कापायला.

लाकूड निवडताना काटा सोबत ठेवा

बाल्सा मुख्यतः इक्वेडोरहून येतो आणि एकाच गठ्ठ्यातल्या दोन पट्ट्यांच्या वजनात दीडपट फरक असू शकतो. ३ मिलिमीटर जाड, १०० मिलिमीटर रुंद आणि एक मीटर लांब पट्टीचं घनफळ ३०० घन सेंटिमीटर होतं. ती ३० ते ३६ ग्रॅम भरली तर शेपटीसाठी राखून ठेवा. ४५-५० ग्रॅमची पट्टी फ्यूजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, पुढच्या भागात जाऊ द्या.

वजनाइतकाच रेषांचाही विचार करा. पट्टी उजेडात धरल्यावर माशाच्या खवल्यांसारखे चमकते ठिपके दिसले तर ती रुंदीत वाकत नाही, ताठ राहते. ती रिबसाठी. लांब सरळ रेषा असलेली पट्टी सहज वळते, तिचा उपयोग गोलाईवर मढवायला. स्पारसाठी कडक बाल्सा किंवा गाठ नसलेलं पाइन घ्या. मोटर जिथे बसते तो पहिला फॉर्मर, म्हणजे धडातला आडवा पडदा, ३ मिलिमीटरच्या बर्च प्लायचाच असावा. साधं पॅकिंगचं प्लाय तिथे चालत नाही.

गोंदाचं थोडक्यात सांगतो. फेव्हिकॉल चालतो, पण सुकल्यावर तो रबरासारखा राहतो आणि सँडपेपरखाली नीट घासला जात नाही, म्हणून जिथे नंतर घासायचं नाही तिथेच लावा. पिवळा लाकडाचा गोंद मिळाला तर उत्तम. सायनो, म्हणजे सुपरग्लू, पटकन धरतो, पण त्याचा धूर डोळ्यांना झोंबतो, खिडकी उघडी हवी. अराल्डाइटसारखा इपॉक्सी फक्त मोटरचा फॉर्मर, अंडरकॅरेज (चाकांचे पाय) आणि पंखाच्या मधल्या जोडासाठी. इतरत्र ते निव्वळ वजन.

टेबल म्हणून १८ मिलिमीटरचा एमडीएफ घ्या आणि त्यावर नोटीस बोर्डासाठी वापरतात तो सॉफ्टबोर्ड टाका, म्हणजे टाचण्या सहज रुततील. एमडीएफवर ॲल्युमिनियमची लांब पट्टी उभी ठेवून खालून उजेड येतो का ते बघा. टेबल वाकडं असेल तर पंख वाकडा होणारच. वर प्लॅन आणि प्लॅनवर पातळ प्लास्टिक, नाहीतर पंख कागदालाच चिकटतो.

रिब: एकत्र बसण्याचं पहिलं काम

ज्युनियर ६० च्या पंखाची रुंदी टोकं सोडली तर सारखीच असल्याने बहुतेक रिब एकाच मापाच्या आहेत. दीड मिलिमीटर प्लायचे दोन साचे अगदी काटेकोर कापा. बाल्साचे आयताकृती तुकडे दोन साच्यांच्या मध्ये रचा, आरपार दोन भोकं पाडून बोल्टने आवळा, आधी ब्लेडने जादा भाग काढा आणि मग ठोकळ्यावर लावलेल्या सँडपेपरने साच्याच्या कडेपर्यंत घासा. स्पारच्या खाचाही तशाच, आवळलेल्या थप्पीतच. एका थप्पीत पंधराच्या वर तुकडे घेऊ नका. थप्पी लांबली की मधल्या रिब तिरक्या घासल्या जातात.

चार विमानांच्या रिब एका बैठकीत होतात. गप्पा मारत करण्याजोगं हेच काम आहे. पुढचं काम बरंचसं मान खाली घालून करायचं असतं.

फ्यूजलाज: दोन बाजू एकाच ताणाच्या हव्यात

फ्यूजलाज म्हणजे चार कोपऱ्यांतून जाणारे चार लाँजरॉन आणि त्यांच्यामधले आडवे-उभे तुकडे. चिकटवण्याआधी चारही लाँजरॉन टेबलाच्या कडेवरून सारखे बाहेर काढा आणि टोकाला कपड्याचा एकच चिमटा लटकवून बघा. जे दोन सारखे वाकतात ते डाव्या-उजव्या बाजूला समोरासमोर लावा. एक कडक आणि एक मऊ लागला तर शेपटीकडे आवळताना फ्यूजलाज मऊ बाजूला जास्त वाकतं, आणि ते आयुष्यभर एका बाजूला वळत राहतं.

पहिली बाजू प्लॅनवर टाचण्या लावून करा, तिच्यावर प्लास्टिक पसरा आणि दुसरी बाजू तिच्याच अंगावर बांधा. टाचण्या लाकडातून आरपार घालायच्या नाहीत, दोन्ही अंगांनी रोवून तुकडा मध्ये पकडायचा. सुकल्यावर केबिनच्या जागी आडवे तुकडे लावून दोन्ही बाजू उभ्या करा आणि प्रत्येक कोपऱ्यात गुण्या लावा. मग शेपटीकडची टोकं एकत्र आणा, मधोमध दोरा ताणा आणि तो प्रत्येक आडव्या तुकड्याच्या मध्यावरून जातोय का ते बघा. नसेल तर गोंद ओला असतानाच सोडवा.

पंख फ्यूजलाजला स्क्रूने जोडू नका. जुन्या पद्धतीने रबरानेच बांधा. जमिनीला टोक लागलं तर पंख जागेवरून सरकतो आणि मोडत नाही. दीड किलोच्या विमानाला आठ चांगली रबरं पुरतात, शेवटची दोन तिरकी एकमेकांवरून घ्यायची. उन्हात वाळलेलं रबर ताणल्यावर बारीक भेगा दाखवतं. ते त्याच दिवशी फेकून द्या.

शेपूट, सर्व्हो आणि रेडिओ

शेपटीत एक ग्रॅम वाढला तर तोल साधायला नाकात दोन-तीन ग्रॅम घालावे लागतात. सगळ्यात हलकं लाकूड इथे वापरा, आणि रंग, नंबर, सजावट इथे शक्यतो टाळा.

या विमानाला एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला हलणाऱ्या पट्ट्या, नाहीत आणि लागतही नाहीत. रडर दिला की नाक वळतं, बाहेरच्या बाजूच्या पंखावर डायहेड्रलमुळे हवा मोठ्या कोनातून येते, तो उचलला जातो आणि विमान आपोआप वळणात झुकतं. म्हणून डायहेड्रल प्लॅनपेक्षा कमी करू नका. सपाट पंख छान दिसेल, पण रडरला विमान दाद देणार नाही.

दोन ९ ग्रॅमचे सर्व्हो, म्हणजे रडर आणि एलिव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटरी, पुरतात. ते पंखाखाली, तोलबिंदूच्या जवळ बसवा. रिसीव्हरवर रडरची तार एलेरॉनच्या चॅनेलला जोडा, म्हणजे ‘मोड २’ ट्रान्समीटरवर वळवणं आणि वर-खाली करणं दोन्ही उजव्या हातात येतं. सुरुवातीला रडर दोन्ही बाजूंना २० ते २५ मिलिमीटर आणि एलिव्हेटर ८ ते १० मिलिमीटर हलू द्या. फेलसेफ लावून ठेवा, सिग्नल गेला तर थ्रॉटल (मोटरचा वेग) शून्यावर आला पाहिजे. हे खरंच होतं का ते प्रोपेलर काढून, ट्रान्समीटर बंद करून बघा.

पंख जोडणं

दोन्ही अर्धे पंख टेबलावर सपाट बांधा. मग एक सपाट ठेवून दुसऱ्याच्या टोकाखाली प्लॅनमध्ये दिलेल्या उंचीचा ठोकळा ठेवा आणि मधला प्लायचा जोड इपॉक्सीने बसवा. तो पक्का होईपर्यंत हात लावू नका.

दोन्ही टोकांची ट्रेलिंग एज, म्हणजे मागची कड, दोन-तीन मिलिमीटर वर असू द्या. याला वॉशआउट म्हणतात. वेग कमी झाला तर पंखाचा मधला भाग आधी उचल सोडतो आणि टोकं धरून ठेवतात, त्यामुळे विमान एकदम एका बाजूला कोसळत नाही. दोन्ही टोकांना अगदी सारखं हवं. एका टोकाला असणं हे नसण्यापेक्षा वाईट.

रेशीम आणि डोप

इस्त्रीने चिकटणारी फिल्म झटपट होते. घाई असेल तर तीच लावा, विमान उडेल. पण जुन्या विमानावर रेशीम मढवण्याचा अनुभव घ्यावाच असं मला मनापासून वाटतं. उन्हात धरलं की पंखातून रिब दिसतात आणि वाळलेलं रेशीम बोटाने टिचकी मारली तर टणटणतं. मढवलेला पंख न मढवलेल्यापेक्षा पिळायला कितीतरी ताठ लागतो. कापड इथे भार घेत असतं.

बाजारात ‘सिल्क’ म्हणून पॉलिस्टर सर्रास विकतात. दोन धागे काढून पेटवा. खरं रेशीम केस जळल्याच्या वासाने जळतं आणि राख बोटांत चुरते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. विणीतून उजेड दिसेल इतकं पातळ, बिनछापील, खळ नसलेलं कापड घ्या.

मढवण्याआधी सांगाड्याच्या कडांना डोपचे, म्हणजे कापड ताणून घट्ट करणाऱ्या लॅकरचे, दोन हात देऊन घासून घ्या. डोप मिळत नसेल तर फर्निचरच्या पॉलिशवाल्यांकडचं एनसी क्लिअर लॅकर तितक्याच थिनरमध्ये सैल करा आणि एरंडेल तेलाचे काही थेंब घाला. तेलाने थर लवचिक राहतो, नाहीतर सुकताना तो आखडत जातो आणि पातळ कडा वाकवतो. रेशीम पाण्यात ओलं करून पिळा, पंखावर पसरा, विणीचा लांब धागा पंखाच्या लांबीत ठेवा आणि मधून टोकाकडे सुरकुत्या काढत कडेला डोपने चिकटवा. पाणी सुकलं की कापड थोडं ताणलं जातं. त्यावर पातळ डोपचे चार-पाच हात, प्रत्येक हातामध्ये पूर्ण वाळू देऊन. दर वेळी पंख ठोकळ्यांवर टाचून, वॉशआउट राखूनच सुकवा. इथे आळस केला तर पंख पिळलेलाच वाळतो.

हे काम पावसाळ्यात करू नका. दमट हवेत डोप पांढरट पडतो आणि कापड सैल सुटतं. कोकणात तर दिवाळीनंतरचेच दिवस बघा. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास देवघरातला दिवासुद्धा नको. थिनरची वाफ पेट घेते.

एवढं करूनही पंख पिळला गेलाच तर किटलीच्या वाफेवर धरा, उलट्या बाजूला किंचित जास्त वळवा आणि गार होईपर्यंत तसाच धरून ठेवा.

मोटर की डिझेल

जुन्या मॉडेलमधली छोटी डिझेल इंजिनं ईथर, केरोसीन आणि एरंडेलाच्या मिश्रणावर चालतात. ब्रिटनमधलं मिल्स हे त्यातलं फार नावाजलेलं. त्याच धर्तीची इंजिनं कोलकात्याच्या ‘ऑरोरा’ने भारतात बनवली. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग केलेल्या कुणाकडे घरातल्या जुन्या डब्यात एखादं पडलेलंही असेल, विचारून बघा. पण ईथर हाताळणं नवख्याचं काम नाही. पहिलं विमान विजेवर करा.

दर किलोला १०० वॉट या विमानांना पुरतात. दीड किलोच्या ज्युनियर ६० साठी ९०० ते १००० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला तितके फेरे घेणारी), २०० वॉट पेलणारी ब्रशलेस मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग नियंत्रक), १०×५ किंवा ११×५.५ चा प्रोपेलर आणि ११.१ व्होल्टची २२०० एमएएच लायपो बॅटरी घ्या. पूर्ण थ्रॉटलला साधारण १८ अँपिअर जातात, वॉटमीटर लावून खात्री करा. पातळीवर उडताना सरासरी ७ अँपिअर धरले आणि बॅटरी ८० टक्केच वापरली तरी पंधरा मिनिटं मिळतात.

मोटर बसवताना दोन-तीन अंश खाली आणि दोन अंश उजवीकडे झुकलेली ठेवा. फ्री फ्लाइटच्या विमानाला वेग वाढला की नाक वर करायची सवय असते. मोटर खाली रोखलेली असली की ती सवय आटोक्यात राहते. बॅटरीसकट वजन सव्वा ते दीड किलोत बसवायचा प्रयत्न करा. १६०० ग्रॅमच्या वर गेलं तर वही उघडून कुठे वाढलं ते शोधा.

तोल आणि हातातून सोडणं

आरसी, म्हणजे रेडिओ बसवलेल्या, आवृत्तीच्या प्लॅनवर दाखवलेला तोलबिंदूच घ्या. मूळ फ्री फ्लाइटच्या प्लॅनवर तो बराच मागे असू शकतो, कारण त्या जमान्यात शेपटीकडूनही उचल घेत. तसा ठेवला तर एलिव्हेटरवर विमान फार चंचल होतं. प्लॅनवर काहीच नसेल तर पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या ३५ टक्क्यांवर सुरुवात करा. बॅटरी पुढे-मागे सरकवून तोल साधा, शिसं शेवटी.

मग उंच गवत असलेला तुकडा शोधा. मोटर बंद, रेडिओ चालू, वाऱ्याच्या समोर तोंड. विमान खांद्याच्या उंचीवर धरा, नाक किंचित खाली, चार पावलं पळा आणि समोर दूरच्या जमिनीकडे सरळ ढकला. वर फेकायचं नाही. नीट तोललेलं विमान पंधरा-वीस मीटर सरळ जाऊन चाकांवर टेकतं. वर चढून थांबलं आणि आपटलं तर आधी तोल तपासा, मग पंखाच्या ट्रेलिंग एजखाली एक मिलिमीटरची चकती घाला. लगेच खाली गेलं तर चकती लीडिंग एजखाली, म्हणजे पुढच्या कडेखाली. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा.

मैदान, परवानगी, हवा

छंदाची रेडिओ विमानंही २०२१ च्या ड्रोन नियमांच्या कक्षेत येतात. जागा ठरवण्याआधी सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनच्या संकेतस्थळावरचा हवाई नकाशा बघा. हिरव्या पट्ट्यात जमिनीपासून १२० मीटरपर्यंत हवाई परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटर आहे. मुंबईत पोलीस वेळोवेळी ड्रोन आणि रिमोटवरच्या विमानांवर बंदीचे आदेश काढतात. पुण्याजवळ लोहगावचा हवाई तळ आहे. म्हणून शहरातलं रिकामं मैदान दिसलं म्हणून उडवायला जाऊ नका. मोकळा माळ बघा, शेत असेल तर मालकाला आधी विचारा आणि गावात कल्पना देऊन ठेवा.

ज्वारी काढलेल्या रानात उतरणार असाल तर धसकटं लक्षात ठेवा, रेशीम टराटरा फाटतं. चारशे पावलं पुढे चालून गवताचा माळ मिळत असेल तर चाला. संक्रांतीच्या आसपास पतंगाचा मांजा दिसला तर त्या दिवशी विमानं पिशवीतच राहू द्या.

देशावर हिवाळ्यात सूर्योदयापासून नऊपर्यंतची हवा या विमानांसाठी सर्वांत चांगली. पान हलत नसेल तर उत्तम, धूळ उडायला लागली तर थांबा. दहानंतर माळ तापतो आणि हवा वर उठू लागते. घारी पंख न हलवता गोल फिरताना दिसल्या की तिथे थर्मल आहे असं समजा.

पहिलं उड्डाण

चौघांनी जागा ठरवून उभं राहायचं. एक उडवणारा. त्याच्या खांद्याशी एक बघणारा, जो आकाश, माणसं, गुरं यांच्यावर लक्ष ठेवतो आणि वेळ सांगतो. एक विमान सोडणारा. चौथा बघ्यांना मागे ठेवणारा. ट्रान्समीटर जोडता येत असतील तर अनुभवी माणसाच्या हातात मुख्य ट्रान्समीटर द्या. रेंज तपासा: कमी शक्तीच्या मोडवर तीस पावलं लांब जाऊन सर्व्हो नीट हलले पाहिजेत. रडरची दिशा विमानाच्या मागे उभं राहून बघा, स्टिक उजवीकडे दिली की रडर उजवीकडेच गेला पाहिजे.

वाऱ्यासमोर, पूर्ण थ्रॉटल, पंख समतल ठेवून सरळ ढकला. पहिले काही सेकंद फक्त सरळ ठेवा. वळवायची घाई नको. ५०-६० मीटरवर गेलं की थ्रॉटल अर्ध्यावर आणा आणि स्टिक सोडा. नवखा माणूस इथे हमखास स्टिक दाबून धरतो. शेजारच्याने म्हणायचं, “अरे, सोड हात, बघ काय करतंय ते.” विमान एखादा हेलकावा घेतं आणि समतल होतं. १९४६ चं डिझाइन काम करतंय ते असं दिसतं. मग ट्रिम लावा, म्हणजे स्टिक सोडल्यावरही विमान सरळ जाईल असं बारीक जुळवा. थ्रॉटल वाढवल्यावर नाक फार वर जात असेल तर उतरल्यावर मोटरच्या वरच्या दोन स्क्रूंमागे पातळ वॉशर घालून ती आणखी खाली रोखा.

विमान आपल्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं वाटतं. त्याला सोपा नियम: जो पंख खाली गेलाय त्याच बाजूला स्टिक. आणि विमान कायम आपल्या वाऱ्याकडच्या अंगालाच ठेवा. हलकं विमान वाऱ्याबरोबर लांब गेलं तर परत यायला फार झुंजतं.

थर्मलमध्ये सापडून ते १२० मीटरच्या वर जाऊ लागलं तर मोटर बंद करा, किंचित एलिव्हेटर खाली द्या आणि थर्मलच्या बाहेर सरळ काढा. घट्ट घिरट्या घालत खाली आणू नका. वेग वाढतो आणि जुन्या बांधणीचा पंख त्याने मोडू शकतो.

उतरताना मोटर लवकर बंद करा, ऐंशी-शंभर मीटर आधी. हे विमान तरंगत येतं. नाक खाली दाबून जमिनीवर आणायला गेलात तर वेग वाढून ते तुमच्या पुढून निघून जाईल. सरळ येऊ द्या, गुडघ्याच्या उंचीवर एलिव्हेटर हळूहळू वर घ्या.

पुढचे रविवार

चारही विमानं उडायला लागली की मोटर तीस सेकंदच चालवायची आणि मग कोण जास्त वेळ तरंगतो ते मोजायचं. जमिनीवर फडकं पसरून जो सर्वांत जवळ उतरेल त्याला गुण द्यायचे. विमानं सारखी असल्याने फरक दिसतो तो बांधणीचा आणि हाताचा.

पुढचं विमान म्हणून विक स्मीड यांचं ‘टॉमबॉय’ घ्या. ३६ इंचाचं, छोट्या मिल्स डिझेलसाठी काढलेलं, नोव्हेंबर १९५० च्या ‘एरोमॉडेलर’ मासिकात आलेलं. ब्रिटनमधले व्हिंटेजवाले डिसेंबर १९५० पर्यंतची डिझाइनं धरतात, त्यामुळे ते जेमतेम बसतं. टॉमबॉयच्या तिथल्या खास स्पर्धांत टाकीत ३ सीसीच इंधन घालतात आणि सगळ्यात शेवटी उतरणारा जिंकतो. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी बेडफर्डशायरमधल्या ओल्ड वॉर्डनच्या मॉडेल मेळाव्याला एकदा जाऊन यावं, तिथे ही विमानं पाहायला मिळतात.

घरी आलात की रबरं काढून टाल्कम पावडरमध्ये ठेवा, लायपो प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टवर आणून धातूच्या डब्यात ठेवा आणि चार्जिंगला लावून झोपू नका. पंख सपाट फळीवर, उन्हापासून लांब ठेवायचे. कारच्या मागच्या काचेखाली एक दुपार राहिला तर चांगला बांधलेला पंखही पिळतो, म्हणून पुढच्या वेळी मैदानावर रबरं लावण्याआधी प्रत्येकाने दुसऱ्याच्या विमानाचे दोन्ही पंख मागून, एक डोळा मिटून बघायचे.